डिचोलीतील खापरांचा अभ्यासवर्ग : एक परीक्षण

मातीकाम शिकवणारे वर्ग गोव्यात आता सहज सापडतात. तास-दोन तास चाकावर हात फिरवायचा आणि आपण घडवलेली वाटी भाजून मिळण्याची वाट पाहायची, असे त्यांचे साधारण स्वरूप असते आणि त्यात गैर काहीच नाही. डिचोलीतील एका कुंभार कुटुंबाच्या अंगणात, पुरातत्त्वाच्या एका अभ्यासकाने त्या कुटुंबाच्या बरोबरीने चालवलेला दिवसभराचा अभ्यासवर्ग मात्र वेगळा प्रश्न घेऊन बसतो. ज्यांनी स्वतःविषयी एक ओळही लिहून ठेवली नाही, किंवा ज्यांना ती लिहूच दिली गेली नाही, अशा माणसांचे जगणे त्यांच्या फुटक्या भांड्यांवरून कितपत कळू शकते, हा तो प्रश्न. गुलाम, मालकाकडून पळून रानात वस्ती केलेले गुलाम, गावकुसाबाहेर ठेवले गेलेले लोक, जहाजावरचे खलाशी, परक्या शहरात आलेले गरीब स्थलांतरित यांचा इतिहास हा या वर्गाचा विषय आहे. तो इतक्या हाताला लागेल अशा रीतीने शिकवलेला मी गोव्यात दुसरीकडे पाहिलेला नाही. त्यातल्या उणिवाही पुढे सविस्तर सांगते, कारण हा वर्ग टिकावा आणि अधिक चांगला व्हावा असे मला मनापासून वाटते.

शुल्क पंधराशे रुपये असून विद्यार्थ्यांना ते निम्मे पडते. त्यात दुपारचे जेवण आणि घरी नेण्यासाठी एक लहान भांडे येते. पणजीहून किंवा म्हापशाहून बसने डिचोलीला उतरल्यावर अंगण चालत जाण्याइतके जवळ आहे. बारा-पंधरांहून अधिक माणसे घेत नाहीत आणि बोलणे मराठीत व कोंकणीत चालते.

सकाळी प्रत्येकाच्या पुढ्यात एक सूप ठेवले जाते आणि त्यात खापरे असतात. भांडे कोणते, कधीचे, कोणाचे, यांपैकी काहीही सांगितले जात नाही. ही खापरे प्राचीन नाहीत आणि अभ्यासक ते सुरुवातीलाच स्पष्ट करतात: म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिळतात तशी भांडी याच घरच्या चुलीवर कित्येक महिने वापरायची, मग ती फोडायची आणि काही तुकडे मुद्दाम गहाळ करायचे. जुन्या गोव्यासारख्या संरक्षित स्थळावरून खापराचा तुकडा खिशात घालून आणणे हा गुन्हा आहेच. पण त्याहून वाईट म्हणजे जागेवरून उचललेले खापर मुके होते. ते कोणत्या थरात होते, त्याच्या शेजारी कोळसा होता की माशांची हाडे, ते घराच्या आत पडले होते की उकिरड्यावर, हे सगळे त्या उचलण्यासरशी पुसले जाते. सहभागींपैकी एका तरुणाने लहानपणी चर्चच्या परिसरातून वेचलेले निळ्या नक्षीचे तुकडे घरी असल्याचे सांगितले, तेव्हा अभ्यासकांनी त्याला लाजवले नाही. ते तुकडे नेमके कोठे सापडले होते, हे आठवते तेवढे लिहून काढून पुरातत्त्व खात्याकडे जाण्याचा मार्ग त्यांनी समजावून सांगितला. शिकवणाऱ्याचा हा स्वभाव संपूर्ण दिवसभर जाणवत राहतो.

सुपातली खापरे वाचण्याची पद्धत हा या वर्गाचा कणा आहे. काठाचा तुकडा वर्तुळांच्या तक्त्यावर ठेवून भांड्याच्या तोंडाचा व्यास काढायचा. तोंड अरुंद असेल तर पाणी किंवा धान्य साठवण्याचे भांडे, पसरट असेल तर शिजवण्याचे किंवा वाढण्याचे, हा पहिला अंदाज. बुडाला बाहेरून काजळी असेल तर भांडे चुलीवर चढलेले आहे. काजळी पोटावर असून नेमक्या बुडाखाली माती लालच राहिली असेल, तर भांडे थेट निखाऱ्यावर बसत होते. काजळी बुडावरही असेल तर ते तीन दगडांवर ज्वाळेच्या वर टेकवलेले होते. तुकडा मोडून पाहिल्यास मधोमध काळा पट्टा दिसतो का, ते बघायचे. तो दिसला तर भाजताना आतपर्यंत हवा किंवा उष्णता पुरेशी पोहोचली नव्हती, म्हणजे आवा (भांडी भाजण्याची भट्टी) लहान होता, जळण तोकडे होते किंवा घाई होती. मातीत रेती मिसळली आहे, तूस मिसळले आहे की कुटलेले शिंपले, हे साध्या भिंगाने कळते आणि त्यावरून कुंभाराची माती कोणत्या भागातली असावी, याचा माग लागतो. आतल्या बाजूला सुरीचे ओरखडे असतील तर त्या भांड्यात अन्न कापून खाल्ले जात होते. ओरखडे गोलाकार आणि बोथट असतील तर पळी फिरत होती, म्हणजे अन्न पातळ होते. झिलई नसलेल्या मातीत स्निग्ध पदार्थ मुरून बसतात आणि प्रयोगशाळेत त्यांचे पृथक्करण करून दूध शिजत होते की मांस, हेही कित्येकदा सांगता येते, असा उल्लेख ओघात झाला.

यानंतर अभ्यासकांनी गोव्याविषयी एक मुद्दा मांडला, तो मला सगळ्यात मोलाचा वाटला. आपल्याकडची जांभ्या दगडाची माती आम्लधर्मी आहे आणि पाऊस प्रचंड आहे. अशा मातीत हाड विरघळते, लाकूड कुजते, कापड तर उरतच नाही. तांबे-पितळ फुटले तरी ते वितळवून पुन्हा वापरले जाते, म्हणून धातूची भांडी उकिरड्यावर क्वचितच पोहोचतात. ज्यांची घरे कुडाची आणि झावळ्यांची होती, ज्यांच्याकडे धातू नव्हताच, त्यांच्या वस्तीची जागा शोधायची तर हाताशी उरते ते जवळपास केवळ खापर. कुडाची भिंत चार पावसाळ्यांत मातीला मिळते, पण एकदा भाजलेल्या मातीची पुन्हा ओली माती होत नाही. श्रीमंताचा इतिहास दगडात, ताम्रपटात आणि दफ्तरात राहतो. गरिबाचा इतिहास टिकण्याचे कारण त्याचे भांडे स्वस्त होते, फुटले की टाकून द्यावे लागत होते आणि टाकलेले तसेच पडून राहत होते.

चाकावर काम करणारे काका बोलायला फारसे उत्सुक नसतात. मात्र त्यांच्या आई, ज्यांना सगळे आजी म्हणतात, त्या अंगणाच्या दुसऱ्या टोकाला बसून चाकावरून उतरलेल्या जाड मडक्यांना आकार देतात. आतून गोल गुळगुळीत दगडाचा आधार आणि बाहेरून लाकडी थापटण्याचे ठोके, असे करत भांड्याचे पोट पातळ आणि गोल होत जाते, आणि आतल्या बाजूला दगडाचे उथळ खळगे राहतात. सकाळी सुपातल्या खापरावर जे खळगे आम्ही ओळखू शकलो नव्हतो, ते तिथे डोळ्यांसमोर उमटताना दिसले. गोरोबाकाकांनी संतांच्या डोक्यांवर थापटणे मारून कोण कच्चे आणि कोण पक्के हे पारखले, ही कथा आपण कीर्तनातून ऐकलेली असते. इथे मडक्यावर थाप मारून आजी मला म्हणाल्या, “बाय, पयलीं आवाज आयक, मागीर घे.” बारीक तडा गेलेले मडके बद्द वाजते आणि नीट भाजलेले खणखणीत वाजते, एवढे मला त्या थापेने शिकवले.

दुपारपूर्वीचे व्याख्यान जगातील उदाहरणांवर आहे. त्यात सर्वाधिक वेळ अमेरिकेतील दक्षिण कॅरोलायना आणि व्हर्जिनिया या भागांतील मळ्यांवर सापडणाऱ्या ‘कोलोनोवेअर’ या भांड्यांना दिला जातो, आणि तो सार्थ आहे. ही हाताने घडवलेली, झिलई नसलेली, कमी तापमानावर भाजलेली साधी भांडी. १९६२ मध्ये आयव्हर नोएल ह्यूम यांनी ती तेथील मूलनिवासी लोकांनी वसाहतवाल्यांसाठी केलेली असावीत, असे मानून त्यांना ‘कोलोनो-इंडियन वेअर’ असे नाव दिले. पुढे दक्षिण कॅरोलायनातील तांदळाच्या मळ्यांवर, नेमक्या गुलामांच्या झोपड्यांभोवती, ती इतक्या मोठ्या प्रमाणात मिळू लागली की हे स्पष्टीकरण पुरेना. लेलंड फर्ग्युसन यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून असे मांडले की यातली पुष्कळ भांडी आफ्रिकेतून पकडून आणलेल्या लोकांनी आणि त्यांच्या मुलाबाळांनी स्वतःसाठी घडवली. मालकाच्या घरात सपाट ताटल्या आणि काटे-सुऱ्या होत्या, तर झोपडीत लहान मडकी आणि वाडगे होते. म्हणजे एकाच मळ्यावर दोन तऱ्हेची जेवणे चालत होती आणि झोपडीतले जेवण कालवणाचे, भाताचे, हाताने खाण्याचे होते. हे ऐकताना अंगणातल्या आम्हा सगळ्यांना त्या झोपडीतल्या जेवणाचा अंदाज कोणी समजावून द्यावा लागला नाही. भाताच्या खाचरांच्या देशात राहणाऱ्याला तो आपोआप येतो.

काही वाडग्यांच्या बुडावर फुलीची खूण कोरलेली आढळते आणि असे वाडगे पुष्कळदा नदीच्या पात्रात सापडले आहेत. काँगो प्रदेशातील लोकांच्या विश्वकल्पनेत वर्तुळातील फुलीला स्थान आहे, त्यावरून हा धार्मिक विधीचा भाग असावा, असे फर्ग्युसन यांनी सुचवले. इतर अभ्यासकांनी त्यावर शंका घेतल्या. शिवाय कटॉबा या मूलनिवासी समाजातील कुंभार स्त्रिया मळ्यांवर फिरून भांडी विकत, याच्याही नोंदी आहेत. त्यामुळे भांडे कोणी घडवले आणि कोणी वापरले हे दोन स्वतंत्र प्रश्न ठरतात. हा वाद अभ्यासकांनी आमच्यापासून लपवला नाही, याबद्दल मला त्यांचा विशेष आदर वाटतो. वंचितांच्या बाजूने बोलणाऱ्याला एखादी सुंदर कथा सापडली की ती पुराव्याच्या पलीकडे ताणण्याचा मोह होतो. तसे करणे त्या वंचितांवरही अन्यायच असतो, कारण उद्या कथा खोटी ठरली की त्यांचा खरा पुरावाही संशयित होतो.

त्याच दक्षिण कॅरोलायनातील एजफील्ड येथील डेव्हिड ड्रेक या गुलाम कुंभाराची गोष्ट थोडक्यात आटोपते. ती अधिक विस्ताराने यायला हवी होती. त्या राज्यात १७४० च्या कायद्याने गुलामाला लिहायला शिकवणे गुन्हा होता आणि १८३४ मध्ये वाचायला शिकवण्यावरही बंदी आली. त्याच १८३४ सालापासून हा माणूस आपल्या प्रचंड रांजणांच्या ओल्या मातीवर तारीख, नाव आणि दोन-दोन ओळींची कविता कोरत होता. १८५७ च्या एका रांजणावर आपले सगळे नातलग कुठे असतील, असा प्रश्न त्याने कोरला आहे. विकली गेलेली माणसे एकमेकांना पुन्हा भेटत नसत. ती ओळ अभ्यासकांनी मराठीत सांगितली तेव्हा आजींनी थापटणे थांबवून तिचा अर्थ कोंकणीतून पुन्हा विचारून घेतला.

न्यूयॉर्कच्या ‘फाइव्ह पॉइंट्स’ वस्तीचे उदाहरण वेगळ्या कारणासाठी येते. एकोणिसाव्या शतकात आयर्लंडमधून आलेल्या गरिबांची ही वस्ती दारू, घाण आणि गुन्हेगारी यांसाठी कुप्रसिद्ध होती आणि १८४२ मध्ये ती पाहून गेलेल्या चार्ल्स डिकन्स यांनीही तिचे वर्णन तसेच केले. १९९१ मध्ये तिथे उत्खनन झाले, तेव्हा शौचकूपांच्या खड्ड्यांतून छापील नक्षीचे चहाचे संच, बशा, किटल्या आणि दारूबंदीचा प्रचार करणाऱ्या फादर मॅथ्यू यांचे चित्र असलेला एक कप निघाला. लेखणी ज्यांच्या हातात होती, त्यांनी वस्तीचा केवळ चिखल पाहिला होता. आतली माणसे मात्र पाहुण्याला धड कपात चहा देण्यासाठी पैसे साठवत होती. ही सामग्री जागतिक व्यापार केंद्राच्या एका इमारतीच्या तळघरात ठेवलेली होती आणि ११ सप्टेंबर २००१ रोजी मोजक्या वस्तू वगळता ती सगळी नष्ट झाली.

जेवणाचा उल्लेख परीक्षणात केवळ सोयीसुविधा म्हणून करावा, असे इथे होत नाही. उकडा भात, माशाची आमटी आणि भाजी मातीच्याच भांड्यांत रांधलेली असतात, आणि जेवण झाल्यावर ती भांडी धुण्याआधी प्रत्येकाला पाहायला मिळतात. आमटीची रेघ कुठपर्यंत चढली, सोलांच्या आंबटपणाने आतला पृष्ठभाग कसा खरखरीत झाला, पळी कुठे घासली, हे ताज्या भांड्यावर पाहिल्यावर सकाळच्या खापरांवरच्या खुणा दुसऱ्यांदा वाचता येतात. चवीविषयी सांगायचे तर आमटी उत्तम होती. शाकाहारी व्यक्तींसाठी आधी कळवल्यास वेगळी चूल मांडतात.

दुपारी गोव्याचा विषय निघतो आणि इथेच वर्गाची ताकद आणि मर्यादा दोन्ही दिसतात. सुरुवात चांगली होते. मुरगावजवळच्या समुद्रात सुंची नावाच्या खडकाळ भागात दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून शोध घेतला, तेव्हा सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातील एका पोर्तुगीज व्यापारी जहाजाचे अवशेष मिळाले. त्यात चीनची मिंग काळातील पोर्सलीन भांडी होती, मार्ताबान नावाने ओळखले जाणारे मोठे रांजण होते, हस्तिदंत होते आणि पाणघोड्याचे दातही होते. पोर्सलीन धनिकांच्या टेबलासाठी; मार्ताबान पाणी, तेल आणि खाद्यपदार्थ साठवण्यासाठी. अभ्यासकांनी त्या रांजणांकडे आमचे लक्ष वेधले, कारण प्रवासात ज्यांच्या जिवावर जहाज चालत होते, त्या खलाशांचा प्राण त्या रांजणांतल्या पाण्यावर टिकून होता आणि त्यांची नावे कुठल्याही पुस्तकात शोधून मिळायची नाहीत.

हस्तिदंत आणि पाणघोड्याचे दात आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून येत. त्याच वाटेने मोझांबिकहून माणसेही येत, आणि ती गोव्याच्या बाजारात विकली जात. पोर्तुगीज सत्तेने गुलामगिरीची अवस्था कायद्याने १८६९ मध्ये संपवली, म्हणजे इथे जवळपास साडेतीनशे वर्षे गुलाम माणसे पाणी भरत, पालख्या वाहत आणि स्वयंपाक करत होती. त्यांच्यापैकी काही घाट ओलांडून पळाली, आणि उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, अंकोला या भागांत राहणाऱ्या सिद्दी समाजाचे मूळ पुष्कळ अंशी त्यांच्यात सांगितले जाते. इथे मला अभ्यासकांनी पाल्मारेसशी तुलना करावी, असे फार वाटत होते. ब्राझीलमध्ये, म्हणजे त्याच पोर्तुगीज साम्राज्यात, पळालेल्या गुलामांनी डोंगराळ भागात उभारलेली ही वस्ती सतराव्या शतकाचा बराच काळ टिकली आणि १६९४ मध्ये ती उद्ध्वस्त करण्यात आली. तिची सगळी लिखित वर्णने शत्रूची आहेत. १९९२-९३ मध्ये चार्ल्स ऑर्सर आणि पेद्रो फुनारी यांनी तिथे काम केले, तेव्हा मूलनिवासी पद्धतीची मडकी, वसाहतीत बनलेली झिलईची भांडी आणि युरोपीय भांडी अशी सरमिसळ सापडली. ही वस्ती निव्वळ आफ्रिकी नव्हती, तिथे मूलनिवासी लोकही मिसळलेले असावेत, असे त्यावरून मांडले गेले, आणि तिथल्या मूलनिवासी खापरांचा काळ कोणता यावर अजून मतभेद आहेत. वर्गात पाल्मारेस दोन वाक्यांत आले आणि सिद्दी एका वाक्यात. घाटापलीकडच्या जुन्या सिद्दी वस्त्यांच्या जागी अशा प्रकारे खापरे वाचली गेली, तर स्थानिक कुंभाराकडून घेतलेली भांडी, हाताने घडवलेली भांडी आणि मालकाच्या घरून आलेली भांडी यांचे प्रमाण काय निघेल, हा प्रश्न गोव्यात बसून विचारायलाच हवा. दक्षिण कॅरोलायनातील झोपडी आम्हाला डोळ्यांसमोर उभी करता आली, पण जुन्या गोव्यातील एखाद्या फिदाल्गोच्या, म्हणजे पोर्तुगीज सरदाराच्या, घरामागच्या गुलामांच्या खोलीकडे आम्ही वळलोही नाही. अमेरिकेतले संशोधन विपुल आहे आणि इथले विरळ, हे कारण मला समजते. तरीही दिवसाचा निम्मा भार परक्या भूमीवर पडतो, ही या वर्गाची सगळ्यात मोठी उणीव आहे.

जातीविषयीचे सत्र मात्र मला फार मोलाचे वाटले, आणि ते कुंभाराच्या अंगणात होते याचे महत्त्व मोठे आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांची वस्ती गावाबाहेर असावी आणि त्यांनी फुटक्या भांड्यांत जेवावे, असे सांगितले आहे. पेशव्यांच्या पुण्यात अस्पृश्याला थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून गळ्यात मडके अडकवावे लागे, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जातिनिर्मूलनाविषयीच्या १९३६ मधील आपल्या न झालेल्या भाषणात लिहिले आहे. म्हणजे स्वस्त, सच्छिद्र, विटाळले की धुऊन शुद्ध न होणारे मातीचे भांडे हे अपमानाचे साधन म्हणूनही वापरले गेले. पितळेचे भांडे राखेने घासून किंवा विस्तवावर धरून शुद्ध मानता येत होते, मातीचे टाकूनच द्यावे लागे. कोणाला कोणत्या भांड्यात वाढायचे, याचा निर्णय त्यामुळे मातीच्या गुणधर्मावर येऊन ठेपत असे.

या विचारातून अभ्यासकांनी एक निरीक्षण काढून दाखवले, जे मी कधी विसरणार नाही. फुटक्या भांड्यात खरोखर जेवण होत असेल, तर फुटलेल्या कडा हळूहळू झिजून गुळगुळीत होतात, कारण तिथे हात, पाणी आणि घासणे लागत राहते. फुटल्यानंतर लगेच टाकलेल्या खापराची कड धारदार राहते. म्हणून खापराच्या फुटक्या कडेवरून बोट फिरवणे ही एक तपासणी आहे. भांडे फुटल्यावर त्याचे आयुष्य संपले की कोणासाठी तरी ते पुढे चालू राहिले, हे त्यावरून समजू शकते. तड्याच्या दोन्ही बाजूंना भोके पाडून दोरीने आवळलेली भांडीही तशीच बोलतात. दोन पैशांचे मडके कोणी इतक्या कष्टाने सांधतो, याचा अर्थ त्याला दुसरे मिळण्यासारखे नव्हते. संग्रहालयात अखंड, देखणे भांडे काचेमागे ठेवतात आणि सांधलेले तुकडे पेटीत जातात. या वर्गाने मला त्या पेट्यांकडे पाहायला लावले.

कुंभार स्वतः या उतरंडीत कुठे होता, हा प्रश्न एका सहभागी बाईंनी काकांनाच विचारला. सुगड नसेल तर संक्रांत होत नाही, मडके नसेल तर चितेभोवतीची फेरी होत नाही, आणि तरीही गावाच्या निर्णयात कुंभाराचा शब्द कधी विचारला जात नव्हता, असे काकांनी दोन वाक्यांत सांगितले आणि ते पुन्हा चाकाकडे वळले. मी इथे आयोजकांना एक सूचना करीन: काकांना व्याख्यानाच्या मध्ये बोलावण्याऐवजी त्यांच्याशी संवादासाठी स्वतंत्र वेळ ठेवावा, आणि तो त्यांच्या सोयीने, काम करता करता असावा.

घुमटाचा भाग थोडका असला तरी ताजेतवाने करणारा आहे. दोन्ही बाजूंनी तोंडे असलेल्या या मातीच्या भांड्याच्या रुंद तोंडावर चामडे ताणले की ते वाद्य होते आणि आरतीत, ‘मांडो’ या कोंकणी गीतप्रकारात, गावडा-कुणबी समाजाच्या गाण्यात सारख्याच अधिकाराने वाजते. पूर्वी त्यासाठी घोरपडीचे कातडे लागे. वन्यजीव संरक्षण कायद्याने ते बंद झाले आणि आता शेळीचे कातडे वापरतात. २०१९ मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान्यता दिली. फुटलेल्या घुमटाच्या खापरावर काजळी नसते, आत पळीचे ओरखडे नसतात आणि काठावर दोरी घट्ट बांधल्याचे घासलेले वळ असतात. उद्या एखाद्या वस्तीच्या उकिरड्यात अशी खापरे सापडली तर चुलीपलीकडचे, सणासुदीचे जगणे त्यातून दिसेल. उपेक्षितांचा इतिहास म्हटला की केवळ हालअपेष्टाच शोधण्याची सवय लागते, तिला या सत्राने चांगला आवर घातला.

स्त्रियांचा विषय मात्र हातातून निसटतो. भारतातील बऱ्याच कुंभार समाजांत चाक पुरुषाच्या हाती असते, पण माती चाळणे, मळणे, थापटणे, वाळवणे आणि बाजारात विकणे यांत स्त्रियांचा वाटा मोठा असतो. दिवसभर ज्यांचे काम पाहून आम्ही सर्वाधिक शिकलो त्या आजी होत्या, तरी व्याख्यानात ‘कुंभार’ म्हणजे चाकावर बसलेला पुरुष असेच गृहीत धरलेले होते. आतल्या खळग्यांवर आणि ओल्या मातीत उमटलेल्या बोटांच्या ठशांवर आता जगभर अभ्यास होत आहे. ठशांतील रेषांच्या रुंदीवरून हात पुरुषाचा की बाईचा याचा अंदाज घेतला जातो. हे सगळे शिकवायला लागणारी सामग्री त्या अंगणातच बसलेली आहे. वाटली जाणारी टिपणेही केवळ इंग्रजीत आहेत. मराठीतून आणि कोंकणीतून इतके सुबोध बोलणाऱ्या माणसाने ती मराठीतही लिहावीत, म्हणजे डिचोलीच्या शाळेतले विद्यार्थीही ती वाचू शकतील.

मिळणारे भांडे लहान कुंडल्यासारखे (कालवण रांधण्याच्या मातीच्या भांड्यासारखे) असून ते दाखवण्याची वस्तू नाही, वापरण्याची आहे. आजींच्या सांगण्याप्रमाणे ते रात्रभर पाण्यात बुडवून ठेवावे, दुसऱ्या दिवशी तांदळाचे धुवण घालून मंद आचेवर उकळी आणावी आणि थंड होऊ देऊनच रिकामे करावे. एकदम मोठ्या आचेवर चढवल्यास तडा जातो. मी त्यात आमटी करते. ती मुरायला धातूच्या पातेल्यापेक्षा वेळ जास्त लागतो, पण उतरवल्यावर बराच वेळ गरम राहते. अंगणातून अधिक भांडी विकतही घेता येतात आणि त्यांच्या किमतीत घासाघीस करू नये, असे मला वाटते.

ज्यांना केवळ चाकावर हात फिरवून पाहायचे आहे त्यांनी हा वर्ग घेऊ नये, कारण चाकाला यात थोडाच वेळ आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी, शिक्षकांनी, लोककलेच्या अभ्यासकांनी आणि आपल्या घरामागच्या परसात कुदळ मारताना निघालेल्या लाल तुकड्याकडे थबकून पाहणाऱ्या कोणीही तो अवश्य घ्यावा. पावसाळ्यात माती वाळत नाही आणि आवा लागत नाही, म्हणून जून ते सप्टेंबर वर्ग बंद असतो. आवा उघडण्याच्या दिवशी गेल्यास त्या दिवशीची फुटलेली, वाकलेली, अर्धवट काळी राहिलेली भांडीही हाताळू देतात, तेव्हा नाव नोंदवताना तो दिवस कोणता हे आधी विचारून घ्यावे.